दोन्हीकडे चाललं पाहिजे

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिला ‘प’ उमटला तेव्हा सुलभावहिनींनी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. दुसरा उमटला तेव्हा त्या माझ्याकडे बघून हसल्या. मग तिसरा, चौथा, आणि बघता बघता पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ‘प’ची रांगच लागली. पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलेली पेटी प्रत्येक अक्षराला एकदा टुं करायची. आता ती थांबायचं नाव घेईना.

“पाणी!” वहिनी म्हणाल्या. “अहो भाऊजी, पाणी मागतायत ते!”

त्या स्वयंपाकघराकडे धावल्या. मी कर्णिकसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या शरीरात आता हलण्यासारखं दोनच ठिकाणी उरलं होतं, डोळे आणि उजव्या पायाचा अंगठा. अंगठ्याखाली बटण बांधलेलं होतं आणि त्यांनी अंगठा कधीच वर उचलून धरला होता. म्हणजे ते काहीच बोलत नव्हते. पेटी आपल्या आपण बोलत होती. आणि ते माझ्याकडे कारखान्यात इतकी वर्षं बघायचे तस्संच बघत होते.

वहिनी वाटी-चमचा घेऊन आल्या. चमचा साहेबांच्या ओठांशी लावला. पाणी आत गेलंच नाही, कोपऱ्यातून ओघळून उशीवर पडलं.

“वहिनी, थांबा, ते पाणी मागत…” मी म्हणालो. पण माझा आवाज नेहमीप्रमाणे माझ्यापाशीच राहिला. शेवटी मी पेटीची केबल उपटली. खोली एकदम गप्प झाली.

“काय झालं हो?”

“माझंच काहीतरी चुकलंय. घरी नीट चालत होतं. तीनतीनदा बघितलं होतं.”

वहिनींनी पदरानं साहेबांची हनुवटी पुसली. त्यांच्या डोळ्यांत वाकून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ते म्हणतायत, असू दे. होतं असं. घाई नको करूस.”

मीही त्याच डोळ्यांत बघत होतो. ते असलं काहीही म्हणत नव्हते.

आता हे सगळं समजायला थोडं मागं जायला हवं. सातपूरच्या ज्या कारखान्यात आम्ही वजनकाटे बनवायचो तिथे भालचंद्र कर्णिक आमचे मुख्य इंजिनीअर होते. काट्यावरचं वजन तारेतून कॉम्प्युटरमध्ये आणायचे प्रोग्राम मी लिहायचो. कॉम्प्युटरच्या मागच्या ज्या तोंडात ही तार बसते त्याला सिरियल पोर्ट म्हणतात, आणि माझी सगळी नोकरी त्या एका भोकापाशी गेली असं म्हटलं तरी चालेल. मला माणसांशी बोलायला जमत नाही. मॅन्युअल मात्र मी मुखपृष्ठापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचतो, कादंबरी वाचावी तसं. साहेब त्यावरूनही बोलायचे. “सोवनी, तुझं लग्न मॅन्युअलशी झालं असतं, पण तिनं नकार दिला असेल.” सगळा विभाग हसायचा. मीही हसायचो. काम झालं की मी ते त्यांच्या टेबलावर नेऊन दाखवायचो, आणि ते म्हणायचे, “बघू.” बरं म्हणणं दूर, वाईट आहे असंही म्हणत नसत. “बघू” ऐकून मी परत जागेवर यायचो आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायचो.

निवृत्त झाल्यावर त्यांना तो मज्जातंतूंचा आजार झाला. आधी हात गेले, मग पाय. हात चालत होते तोवर त्यांनी ती पेटी स्वतः बनवली होती. पेटीवर अक्षरांची घरं, प्रत्येक घराखाली बारीक दिवा. दिवे आधी ओळीओळीनं, मग घराघरानं लागत जायचे. हव्या त्या दिव्याला बटण दाबायचं, की पेटी त्या अक्षराचा आकडा तारेतून पाठवणार. त्या आकड्याचं पडद्यावर पुन्हा अक्षर करायला मात्र प्रोग्राम लागत होता. तेवढ्यासाठी त्यांनी मला बोलावून घेतलं. तेव्हा त्यांना बोलता येत होतं, पण तोंडात घास असल्यासारखं.

“तू लिहायचंस,” ते म्हणाले.

“मी? साहेब, हल्लीची पोरं माझ्यापेक्षा…”

“हल्लीची पोरं हुशार आहेत. हुशार पोरं अर्धं काम करून निघून जातात. तू भित्रा आहेस. भित्रा माणूस तपासत बसतो. मला तसलाच हवाय.”

मी मान डोलावली.

“आणि दोन्हीकडे चाललं पाहिजे. इथे माझ्याकडे लिनक्स आहे. उद्या मला दवाखान्यात टाकतील, तिथे विंडोज असणार. परवा आणि कुठे टाकतील. मशीन बदललं म्हणून माझं बोलणं बदलता कामा नये. एकच स्क्रिप्ट. कुठेही लाव, शब्द तेच आले पाहिजेत. कळलं?”

“कळलं.”

“कळलं असं तू दर वेळी म्हणतोस.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. साहेबांनी कपाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “घे. याला चहा म्हणायचं, ही आपली सभ्यता.” मी कपात बघत बसलो. वहिनी म्हणाल्या, “मला सवय आहे हो भाऊजी,” आणि त्यांच्या ओठांना रुमाल लावायला वाकल्या. “सोड,” ते म्हणाले. “ओला हात लावू नकोस.”

दिवाळीच्या आधी त्यांचं बोलणं पूर्ण थांबलं.

ती स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटासा प्रोग्राम, लिहायला मला वाटलं होतं त्याहून बराच जास्त वेळ लागला. विंडोज आणि लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन वेगळ्या प्रणाली; विंडोजमध्ये पोर्टचं नाव एक, लिनक्समध्ये दुसरंच. एकीकडे जोडाक्षरं नीट दिसायची, दुसरीकडे तीच फुटून पडायची. एका ठिकाणी जमवलं की दुसऱ्या ठिकाणी बिघडायचं. पण खरं सांगायचं तर मला कारणही हवं होतं. मी शनिवारी संध्याकाळी इंदिरानगरला त्यांच्या घरी जायचो, दोन ओळी दुरुस्त करायचो, आणि वहिनी मला बसवून घ्यायच्या. कारण साहेब गप्प झाल्यापासून त्या घरात एक वेगळेच कर्णिकसाहेब राहायला आले होते.

“ते म्हणतायत, सोवनीला जेवल्याशिवाय सोडू नकोस.”

“ते म्हणतायत, हे नवे पडदे खोलीला शोभतात.”

“काल मला कणकण होती ना, तर सारखे माझ्याकडेच बघत होते. झोप म्हणाले थोडा वेळ.”

त्या त्यांच्या डोळ्यांत बघायच्या आणि सांगायच्या. सुरुवातीला मी अवघडायचो. मग अवघडेनासा झालो. त्या घरातलं वरण-भात खाताना, कुणीतरी माझी चौकशी केली असं ऐकताना, या कर्णिकसाहेबांशी माझीही ओळख वाढत चालली होती.

तर ‘प’ची रांग लागली ती अशा दिवसांत. केबल उपटल्यावर मी तिथेच खुर्ची ओढून बसलो आणि माझ्या लक्षात आलं. लिनक्समध्ये पोर्ट उघडलं आणि त्याला वेगळं काही सांगितलं नाही, तर ते आलेलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं परत पाठवतं. जुन्या काळी समोर माणूस टाइप करत बसलेला असायचा, त्याला आपण काय टाइप केलं ते दिसावं म्हणून केलेली ही सोय. विंडोज ती सोय देत नाही, म्हणून घरी विंडोजवर तपासताना हे दिसलंच नव्हतं. आणि साहेबांनी पेटीला नियम असा घालून दिला होता, की आकडा उलटून परत आला तर समजायचं, पलीकडच्याला ऐकू गेलं नाही, पुन्हा सांगा. साहेबांनी एकदाच ‘प’ म्हटला होता. पोर्टनं तो परत पाठवला. पेटीनं पुन्हा सांगितला. पोर्टनं पुन्हा परत पाठवला.

“म्हणजे काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“म्हणजे पेटीला वाटलं आपण ऐकत नाही आहोत. म्हणून ती तेच तेच सांगत राहिली. ही फक्त लिनक्सची खोड आहे. एका ओळीचं काम आहे.”

“मग ती ओळ घाला ना. केतकी येत्या रविवारी येतेय पुण्याहून. तिच्यासमोर बोलू दे त्यांना.”

मी ती ओळ घातली. निघताना वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. चपला घालताना, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “वहिनी, तुम्ही पहिलं काय विचारणार त्यांना?”

त्या लाजल्या. साठीच्या बाईला मी असं लाजताना पाहिलं नव्हतं.

“काही नाही हो. एवढंच, की मी करते ते बरं वाटतं का. अंघोळ घालते, भरवते, रात्री कूस बदलून देते. नीट होतंय का कसं कळणार? लग्नाला इतकी वर्षं झाली, असलं कधी विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर काहीतरी लागेलसं बोलले असते.” त्यांनी आत, खोलीकडे पाहिलं. “आता तसे नाही राहिले ते. तुम्ही बघताच की. डोळ्यांवरून कळतं मला. पण एकदा त्यांच्या शब्दांत ऐकायचंय.”

रविवारी मी गेलो तेव्हा केतकी आधीच आली होती. साहेबांची ही एकुलती एक मुलगी पुण्यात कारखान्यांमध्ये यंत्रं चालू करून द्यायचं काम करायची. बापाचा तिखटपणा तिच्यात उतरला होता, पण तिचं तिखट जिभेला झोंबून लगेच विरायचं.

“काय सोवनीकाका, अजून त्या जुन्या पर्ल भाषेतच प्रोग्राम लिहिता? कुठल्या जमान्यात राहता?”

“मला तेवढंच येतं गं.”

“तेवढंच येतं म्हणत म्हणत सगळं करता. आईच्या हातचा शिरा खाऊन वजन वाढलंय तुमचं. आपल्याच काट्यावर करून बघा एकदा.”

“केतकी!” वहिनी ओरडल्या. त्यांनी इस्त्रीची आकाशी साडी नेसली होती. साहेबांची दाढी करून, केस विंचरून त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. अंगात पांढरा झब्बा होता. स्टुलावर पेटी, शेजारच्या टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर. मी केबल लावली, स्क्रिप्ट चालू केली आणि हात मागे घेऊन उभा राहिलो.

दिवे फिरायला लागले. चादरीखाली अंगठा हलला. टुं.

एक ‘क’ आला. एकच. मी श्वास सोडला.

शब्द पुरा व्हायला पुष्कळ वेळ लागत होता. दिवे ओळीवरून ओळीवर जायचे आणि आम्ही तिघंही ते सरकताना त्यांच्याबरोबर पुढे झुकायचो. ‘केतकी’ झालं तेव्हा केतकीनं तोंडावर हात दाबला. मग पुढचा शब्द, त्याच्या पुढचा.

*केतकी जाड झालीस*

केतकी हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “बाबा! अहो, मी इतक्या दुरून आले, आणि हे? सोवनीकाका, मशीन पास. हे शंभर टक्के बाबाच बोलतायत.”

वहिनीही हसल्या. पण थोडं उशिरा. “गमतीनं म्हणतायत हं ते.”

“आई, बाबा गमतीनं कधीच काही म्हणाले नाहीत.”

“असं काय गं बोलतेस. आजारपणात माणूस बदलतं.” वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या हातात काही जीव नव्हता, ठेवला तसा राहिला. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता. “भाऊजी, तुम्ही वाचाल ना मोठ्यानं?”

“वाचतो.”

“अहो,” त्या साहेबांना म्हणाल्या, आणि त्यांनी केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, “विचार की आई, काय विचारायचंय ते.”

“अहो, मी तुमचं सगळं करते. मला जमतं तसं करते. तुम्हाला बरं वाटतं ना? नीट होतं ना माझ्याकडून?”

साहेबांचे डोळे आधी त्यांच्याकडे गेले. मग दिव्यांकडे.

ह. वेलांटी. च. मात्रा. पायाशी तो बारीक टक आवाज, मग टुं.

“हिचे,” मी वाचलं.

“हिचे म्हणजे माझे,” वहिनी केतकीला म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

ह. काना. त.

“हिचे हात,” मी वाचलं.

वहिनींनी मान खाली घातली. त्यांचा अंगठा साहेबांच्या हाताच्या पाठीवरून हलकेच फिरत होता, पुन्हा पुन्हा. मला आठवतं, मी त्या क्षणी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला वाटत होतं की माझ्या आयुष्यात मी एक तरी बरी गोष्ट लिहिली.

टुं. न. टुं. क. काना-मात्रा.

मी वाचायचा थांबलो.

टुं. त.

“पुढे काय आलं?” वहिनींनी मान वर न करता विचारलं. “हिचे हात, काय?”

केतकीचं हसू गेलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. वहिनी उठल्या. हात चादरीवर ठेवला, टेबलाशी आल्या, आणि चष्मा नसल्यामुळे पडद्याला नाक लावून, अक्षरांखालून बोट फिरवत त्यांनी स्वतःच वाचलं.

*हिचे हात नकोत*

“नकोत,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते दोनदा वाचलं. जणू दुसऱ्यांदा वाचलं तर वेगळं होईल.

मला काय झालं माहीत नाही. एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मी बोलत सुटलो. “वहिनी, हे त्यांचं नाही. हे माझ्या स्क्रिप्टचं आहे. मी सांगितलं नव्हतं का त्या दिवशी, ती लिनक्सची खोड? आकडे उलटे जातात आणि मग घरं सरकतात. म्हणायचं असतं एक, उमटतं दुसरं. माझी चूक आहे. मी ती ओळ नीट घातलेलीच नाही. मी घरी नेतो, बघतो. आज राहू दे.”

मी स्क्रिप्ट बंद करायला माउसकडे हात नेला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला दिसत होतं, त्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचाच होता.

“घरं सरकतात?” केतकीनं विचारलं. ती याच कामातली होती. सरकलेल्या आकड्यांतून असं शुद्ध वाक्य कधी येत नाही, हे तिला कळत असलंच पाहिजे. पण तिलाही ते खरं असायला हवं होतं. “फक्त लिनक्सवर होतं ना हे, काका?”

“फक्त लिनक्सवर.”

“विंडोजवर नाही होणार.”

“नाही… विंडोजवर ती भानगडच नाही.”

“मग झालं तर!” तिनं खुर्चीवरची बॅग ओढली आणि आपला ऑफिसचा जाडजूड लॅपटॉप बाहेर काढला. यंत्रांना जोडायला लागतो म्हणून त्याला मागे सिरियल पोर्ट होतं. “इथे विंडोजच आहे. यावर लावा.”

“केतकी, आज नको. पुढच्या शनिवारी…”

“तुमच्या पेनड्राइव्हवर आहे ना सगळं? तुम्ही तो घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. द्या.”

“लाव गं,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी, द्या तिला. उगाच मनात राहायला नको.”

मी मनोमन प्रार्थना करत होतो, की चालू नये. अक्षरं फुटावीत, पोर्ट सापडू नये, काहीतरी व्हावं. इतक्या वर्षांत माझा एकही प्रोग्राम परक्या मशीनवर पहिल्या झटक्यात चालला नव्हता. केतकीनं पेनड्राइव्ह लावला, केबल इकडची काढून तिकडे घातली. स्क्रिप्टनं आपण कुठे आहोत ते ओळखलं, पोर्ट शोधलं, आणि स्वच्छ पांढरा पडदा उघडून ती वाट बघत बसली. कुठेही अडलं नाही.

या वेळी वहिनी चष्मा लावून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. केतकी पलंगाशी वाकली. “बाबा, मघाशी मशीन चुकलं. आईनं विचारलंय, ती करते ते बरं वाटतं का. परत सांगा. आणि नीट सांगा हं, प्लीज.”

त्या शेवटच्या शब्दात जे होतं ते कुणालाही कळलं असतं. साहेबांनाही कळलं. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग दिव्यांकडे वळले.

ह. वेलांटी.

मी खिडकीकडे तोंड केलं. पण टुं ऐकू येतच होतं, आणि कुठल्या अक्षराला दिवे किती वेळ फिरतात हे आता मला पाठ झालं होतं. मला बघायची गरज नव्हती. शेवटचा ‘त’ झाल्यावर मला वाटलं संपलं. पण पेटी थांबली नाही. ते आणखी काहीतरी लिहीत होते. फार वेळ लिहीत होते. मध्ये एकदा दमून थांबले, पुन्हा सुरू झाले. पायाशी टक, टक. जोडाक्षरासाठी त्या पेटीवर वेगळं घर होतं, खालच्या टोकाला. तिथपर्यंत दिवे जायचे, परत वर यायचे, पुन्हा जायचे. इतके श्रम ते कशासाठी करत होते मला कळेना. मी वळून पाहिलं.

*हिचे हात नकोत*

*सोवनी खोटं बोलतो. स्क्रिप्ट बरोबर आहे*

केतकी रडत नव्हती. दात आवळून उभी होती. वहिनींनी चष्मा काढला, घडी केली. साहेब माझ्याकडे बघत होते. ती ओळ माझ्यासाठी होती. मी इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी त्यांच्या टेबलापाशी उभा राहिलो होतो, ते वाक्य समोर होतं, आणि माझे कान गरम झाले होते. मी वहिनींच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

“बाबा, तुम्ही…” केतकी म्हणाली. “ती दोन वर्षं धड झोपलेली नाही. लाज वाटत नाही?”

“गप्प बस,” वहिनी म्हणाल्या. “त्यांची जेवायची वेळ झाली.”

“आई, तू नाही भरवायचंस त्यांना. नको म्हणालेत ना हात? राहू देत उपाशी. मी पण नाही भरवणार.”

“मी त्यांना भरवावं का?” मी विचारलं. मला आत्ताही कळत नाही मी ते का विचारलं. वहिनी वळल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला. नळाचा आवाज आला. खोलीत आम्ही तिघं आपापल्या जागी होतो. केतकी लॅपटॉप बंद करायला गेली, पण तिचा हात झाकणावरच राहिला आणि तिनं तो बंद केला नाही.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पेजेची वाटी होती. दोन्ही हातांत त्यांनी रबरी हातमोजे घातले होते, मनगटापर्यंत. आठवड्यातून एकदा नर्स यायची ती हे मोजे घालूनच लघवीची नळी बदलायची आणि खोका इथेच ठेवून जायची. त्या आकाशी साडीवर ते पिवळट पांढरे पंजे परक्या कुणाचे तरी वाटत होते.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, पडद्याकडे पाठ करून. गळ्याखाली टॉवेल लावला. डाव्या हातानं साहेबांची हनुवटी धरली, रबर चेहऱ्याला चिकटल्याचा बारीक आवाज झाला. पहिला चमचा आत घातला. एरवी भरवताना त्या सारख्या बोलायच्या. अजून एक घ्या, बघा कसं मऊ झालंय, ते म्हणतायत आज चव बरी आहे. आज त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा चेहरा भांडी घासताना असतो तसा होता.

साहेबांचे डोळे विस्फारले. पेज गळ्याखाली जायला त्यांना वेळ लागायचा. ती गेली. मग डोळे दिव्यांकडे धावले.

टुं.

वहिनींनी वाटीत चमचा फिरवला. एरवी त्या आधी पेजेला बोट लावून बघायच्या. मोज्यातून कळण्यासारखं नव्हतं.

टुं. टुं.

त्यांच्या पाठीमागे पडद्यावर शब्द पूर्ण झाला. स्पष्ट, एकही अक्षर न फुटता.

*गरम*

केतकीनं वाचलं. मी वाचलं. मी तोंड उघडलं, आणि केतकीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं. वहिनींनी दुसरा चमचा भरला.